स्किझोफ्रेनियाच्या निदानाला ईईजी आणि मशीन लर्निंगची मदत: पहिल्या फाइलपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत

"त्या मशीनीत कळतला काय रे, माझ्या झिलाक काय झाला ता?"

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत काकीने मला हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप होता, पायथन येत होतं, फक्त उत्तर नव्हतं. चुलत भावाला आवाज ऐकू येऊ लागल्यापासून मानसोपचार डॉक्टरांपर्यंत पोहोचायला आम्हाला दोन वर्षं लागली. मधल्या काळात गाऱ्हाणी झाली, कौल झाले, 'बाहेरचं आहे' असं सांगणारे भेटले. एका ठिकाणी डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला आणि 'नॉर्मल' असा शेरा मारलेला कागद हातात दिला. घरच्यांनी त्याचा अर्थ 'आजार नाही' असा घेतला. त्या कागदाचा खरा अर्थ इतकाच होता की त्यात फिट्सची खूण दिसली नाही. तो फरक कोणी समजावून सांगितला असता तर भावाचं निदान एक वर्ष तरी आधी झालं असतं, असं मला आजही वाटतं.

हा लेख रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत या विषयावर प्रोजेक्ट करू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि ईईजी काढणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. साधा लॅपटॉप पुरतो. पायथन, ईईजी वाचणारं एमएनई आणि मॉडेल शिकवणारं सायकिट-लर्न ही तिन्ही साधनं फुकट मिळतात.

आधी प्रश्न नीट मांडा

स्किझोफ्रेनियाचं निदान आजही डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून करतात. भास, ठाम भ्रम, विस्कळीत बोलणं, माणसांतून अंग काढून घेणं ही लक्षणं किती आहेत आणि किती काळ आहेत, हे पाहिलं जातं. डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत आजाराची चिन्हं ६ महिने असावी लागतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत लक्षणं किमान १ महिना. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मानसिक आजार मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरवायचा, असं लिहिलेलं आहे. म्हणजे तुमचं मॉडेल, उदाहरणं पाहून शिकलेला प्रोग्राम, निदान करणार नाही. निदान करणाऱ्या डॉक्टरांपुढे ते आणखी एक कागद ठेवेल, एवढंच त्याचं काम.

तो कागद उपयोगी ठरू शकतो, कारण मेंदूच्या लहरींत काही फरक खरोखर सापडलेले आहेत. नुसतं डोळे मिटून बसलं असतानाही या रुग्णांमध्ये डेल्टा आणि थीटा या संथ लहरी सरासरीने जास्त दिसतात आणि अल्फा कमी. एकसारख्या टिक-टिक आवाजात मध्येच वेगळा आवाज वाजवला की निरोगी मेंदू सेकंदाच्या पाचव्या भागात दचकल्यासारखी खूण देतो. तिला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात आणि ती या आजारात मंदावते. पी-३०० नावाची पुढची लाटही लहान होते. सेकंदाला ४० वेळा टकटकणारा आवाज ऐकवला तर मेंदूने त्याच ठेक्यावर चालायला हवं. १९९९ पासूनच्या अभ्यासांत तो ठेका या आजारात कमजोर आढळला आहे.

पण हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकेका माणसाचे आकडे घेतले तर दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले दिसतात.

म्हणून प्रश्न असा ठेवू नका की 'अख्ख्या गावाची तपासणी करून रुग्ण शोधता येतील का?' साधा हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने सुमारे ३०० माणसांत एकाला हा आजार असतो. ३००० वस्तीच्या गावात १० रुग्ण धरा. तुमचं मॉडेल आजारी आणि निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखतं असं समजा. १० पैकी ९ सापडतील. उरलेल्या २९९० निरोगी माणसांपैकी २९९ जणांवरही शिक्का बसेल. ज्या वाडीत एका मुलीचं लग्न 'त्यांच्या घरात वेड आहे' एवढ्या कुजबुजीने मोडतं, तिथे ३०८ शिक्के मारायचे आणि त्यातले ९ खरे निघायचे. हे करू नये.

योग्य प्रश्न असा: डॉक्टरांना आधीच शंका आलेली आहे, माणूस समोर बसलेला आहे, अशा वेळी ईईजीतून त्यांच्या अंदाजात काही भर पडते का?

डेटा कुठून आणायचा

स्वतःच्या रुग्णालयातून सुरुवात करू नका. आधी खुल्या डेटावर हात बसवा. वॉर्साच्या मानसोपचार आणि मेंदूविकार संस्थेत घेतलेलं एक संकलन २०१७ साली खुलं झालं. त्यात पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे १४ रुग्ण, १४ निरोगी माणसं, डोळे मिटून १५ मिनिटांचं रेकॉर्डिंग, १९ चॅनेल (चॅनेल म्हणजे डोक्यावरच्या एकेका जागेचा सिग्नल) आणि सेकंदाला २५० नमुने असं सगळं आहे. फाइली ईडीएफ या ईईजीच्या प्रचलित स्वरूपात आहेत. निरोगी माणसांच्या 'एच'ने सुरू होतात, रुग्णांच्या 'एस'ने. मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीचा संच वेगळा आहे. त्यात किशोरवयीन मुलगे, ४५ आजारी आणि ३९ निरोगी, १६ चॅनेल, सेकंदाला १२८ नमुने, प्रत्येकी १ मिनिट. हे दोन संच एकत्र ढवळू नका. वय वेगळं, यंत्र वेगळं. दुसरा संच शेवटच्या परीक्षेसाठी बाजूला ठेवा.

वॉर्साच्या रुग्णांबद्दल एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: त्यांची औषधं रेकॉर्डिंगआधी किमान ७ दिवस बंद होती. आपल्याकडे ओपीडीत येणारा माणूस बहुतेक वेळा औषधांवर असतो. क्लोझापिनने संथ लहरी वाढतात, लोराझेपामसारख्या गोळीने बीटा लहरी वाढतात. तिथे शिकलेलं मॉडेल इथे आणून थेट लावलं तर ते आजार वाचतंय की गोळी, हे कळायला मार्ग नाही.

फाइल उघडून डोळ्यांनी वाचा

ही पायरी मुलं हमखास गाळतात. २८ फाइली आहेत, दिवसाला चार पाहिल्या तर आठवडाभरात होतात. एखाद्या अनुभवी ईईजी तंत्रज्ञाच्या शेजारी बसा. त्यांच्या नजरेला जे दिसतं ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

टाळूवरचा मेंदूचा सिग्नल फार तर दहा-वीस ते शंभर मायक्रोव्होल्टचा असतो. एक साधी पापणी मिटली की त्याच्या कितीतरी पट मोठा डोंगर कपाळावरच्या चॅनेलमध्ये उभा राहतो. जबडा आवळला की कानाच्या वरच्या चॅनेलवर दाट केसाळ पट्टा येतो. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ१ आणि ओ२ वर, सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी सुबक अल्फा दिसते. माणूस पेंगू लागला की ती विरते आणि तिच्या जागी संथ थीटा येते. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे.

साफसफाई

सगळ्या फाइलींना एकच नियम, आणि तो आधी कागदावर लिहून मग लावायचा. ०.५ ते ४५ हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला हेलकावे) बाहेरचं गाळून टाका. भारतात आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ५० वर नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच वारंवारता कापणारी चाळणी. फिल्टर पूर्ण रेकॉर्डिंगवर चालवा आणि त्यानंतरच तुकडे करा, नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या टोकाला फिल्टरची स्वतःची लाट तयार होते. संदर्भ म्हणून सर्व चॅनेलांची सरासरी घ्या. पापण्यांसाठी आयसीए वापरा, म्हणजे मिसळलेला सिग्नल घटकांत सुटा करणारी पद्धत. ते शिकवताना १ हर्ट्झच्या खालचं गाळलेली प्रत दिली तर घटक स्वच्छ सुटतात.

मग ५ सेकंदांचे तुकडे करा. १५ मिनिटांत १८० तुकडे होतात, एका तुकड्यात प्रत्येक चॅनेलचे १२५० नमुने. ज्या तुकड्यात वर-खाली १५० मायक्रोव्होल्टहून जास्त झेप आहे तो टाकून द्या आणि कोणाचे किती टाकले याची नोंद ठेवा. रुग्णांचे तुकडे निरोगी माणसांपेक्षा फार जास्त गळत असतील, तर तुमची चाळणीच दोन गटांत फरक तयार करत आहे.

लहरींचे आकडे

इथे मी फार रेंगाळत नाही. वेल्चच्या पद्धतीने, म्हणजे छोट्या तुकड्यांतल्या वारंवारतांची सरासरी घेऊन, प्रत्येक चॅनेलची ताकद काढा आणि ती डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा, गॅमा या पाच पट्ट्यांत वाटा. १९ चॅनेल गुणिले ५ पट्टे म्हणजे ९५ आकडे. एकूण ताकदीने भागून घ्या, कारण कवटीची जाडी माणसागणिक वेगळी असते. एका माणसाच्या सगळ्या तुकड्यांची सरासरी काढली की तुमच्याकडे २८ ओळी आणि ९५ रकाने असा लहानसा तक्ता उरतो. तो छोटा दिसतो म्हणून निराश होऊ नका. तुमच्याकडे खरोखर तेवढीच माहिती आहे: २८ माणसं.

चॅनेलांच्या जोड्या किती एकतालात चालतात हेही मोजता येतं. पण १९ चॅनेलांच्या जोड्या १७१ होतात, पाच पट्ट्यांत ८५५ आकडे. २८ माणसांसाठी हे ओझं झालं.

माणसं वाटा, तुकडे वाटू नका

लेखातली एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा.

मी पहिल्यांदा केलं ते असं. २८ माणसांचे पाच हजारांवर तुकडे एका टोपलीत टाकले, ढवळले, ८० टक्के मॉडेलला शिकवायला दिले आणि २० टक्क्यांवर परीक्षा घेतली. अचूकता शंभराच्या अगदी जवळ आली. रात्री बारा वाजता मी घरच्यांना उठवून सांगितलं. त्या आकड्यात आजाराचा पत्ता नव्हता. प्रत्येक माणसाच्या लहरींना त्याची स्वतःची ढब असते, चेहऱ्यासारखी. एकाच माणसाचे काही तुकडे शिकवण्यात आणि काही परीक्षेत गेले, तेव्हा मॉडेलने माणूस ओळखला आणि त्याच्या नावापुढची 'आजारी' किंवा 'निरोगी' ही चिठ्ठी वाचून दाखवली.

आंबेवाल्याला हे लगेच कळेल. देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस ओळखायला तुम्ही एखाद्याला शिकवताय. दोन्हीकडची चौदा-चौदा कलमं आहेत. प्रत्येक कलमाचे काही आंबे शिकवताना दाखवले आणि त्याच कलमांचे उरलेले आंबे परीक्षेला ठेवले, तर तो कलम ओळखून पास होईल. त्याला गाव कळलं की नाही, हे न पाहिलेल्या कलमाचा आंबा हातात दिल्यावरच समजेल.

हा फरक किती मोठा असतो, हे याच वॉर्साच्या डेटावर छापून आलेलं आहे. २०१९ साली राजेंद्र आचार्य यांच्या गटाने अकरा थरांचं डीप लर्निंग मॉडेल वापरलं आणि दोन्ही प्रकारचे आकडे प्रामाणिकपणे शेजारी-शेजारी दिले. तुकडे मिसळून ९८.०७ टक्के, माणसं वेगळी ठेवून ८१.२६ टक्के. यंत्र तेच, डेटा तोच. म्हणून एखाद्या लेखात ९९ टक्के दिसले की कौतुक करण्याआधी विभागणी कशी केली ते पान शोधा.

करायचं कसं? सायकिट-लर्नमध्ये 'लीव्ह वन ग्रुप आउट' नावाची सोय आहे. गट म्हणून माणसाचा क्रमांक द्या. २७ जणांवर शिकवायचं, अठ्ठाविसाव्याची परीक्षा; असं २८ वेळा. आकडे एका मापात आणणं, त्यातले निवडक रकाने उचलणं, हे सगळं त्या २७ जणांच्या आतच व्हायला हवं. २८ जणांकडे पाहून 'हे दहा रकाने चांगले' असं ठरवलं आणि मग परीक्षा घेतली, तर पेपर आधीच फुटला. मॉडेलची कळ किती पिळायची, म्हणजे त्याच्या सेटिंग काय ठेवायच्या, हे ठरवायला त्या २७ मध्येच पुन्हा आतली विभागणी करा. मॉडेल साधं घ्या: लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा एसव्हीएम. एवढ्याशा तक्त्यावर डीप लर्निंगचा मोह आवरा.

आता आलेला आकडा तोला. नाणं उडवत बसलात तरी २८ पैकी १९ किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे ४ टक्के असते. १८ ची तर ९ टक्के. म्हणजे ६४ टक्के अचूकता आली तर हातात काहीच नाही. २१ बरोबर आले, म्हणजे ७५ टक्के, तरी खरी किंमत साधारण ५७ ते ८७ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. ही दोन टोकं आकड्यासोबत लिहायलाच हवीत. शिवाय माणसांच्या चिठ्ठ्या उलटसुलट करून तोच सगळा खेळ हजार वेळा चालवा. खोट्या चिठ्ठ्यांवरही मॉडेल वारंवार तेवढेच गुण मिळवत असेल, तर खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गुणांना अर्थ नाही.

शेवटी बाजूला ठेवलेला मॉस्कोचा संच काढा. दोन्हीत असलेले चॅनेल तेवढे घ्या, वॉर्साचे नमुने १२८ वर आणा आणि परीक्षा घ्या. गुण घसरतील. घसरण किती आणि वयामुळे किती असावी, यावर लिहिलेलं पान तुमच्या अहवालातलं सगळ्यात मोलाचं पान असेल.

आपल्या किनाऱ्यावर रेकॉर्डिंग करताना

खुल्या डेटावर हात बसला की एखाद्या रुग्णालयासोबत काम करावंसं वाटेल. आधी तिथल्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या, मग रुग्णाची आणि गरज असेल तिथे घरच्यांची लेखी संमती, मराठीत, मोठ्या अक्षरात. 'यातून तुमच्या उपचारात आज काही बदल होणार नाही' हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. घरच्यांची आशा त्या वायरींना फार लवकर चिकटते. आणि ईडीएफ फाइलीच्या माथ्यावरच्या नोंदीत रुग्णाचं नाव राहतं. फाइलीचं नाव बदललं तरी ते आत तसंच असतं. एमएनईच्या ॲनॉनिमाइज आदेशाने ते पुसल्याशिवाय फाइल पेनड्राइव्हवर घेऊ नका.

मग खोबरेल तेल. आपल्याकडे तेल लावून, वेणी घालून, त्यात अबोलीचा वळेसर माळून बाया दवाखान्यात येतात. तेलाच्या थरावर इलेक्ट्रोड नीट पकडत नाही. आदल्या दिवशी डोकं धुवून यायला सांगा, त्यानंतर तेल नाही. प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या खाली येईपर्यंत रेकॉर्डिंग सुरू करू नका. मे महिन्यात आणि पावसाआधीच्या उमसेत टाळूला घाम सुटतो आणि सिग्नल भरती-ओहोटीसारखा संथ वरखाली होतो. तो हेलकावा डेल्टाच्या पट्ट्यात मिसळतो, आणि डेल्टा तर आपल्याला मोजायचीच आहे. खोली थंड ठेवा, पण एसीची वायर इलेक्ट्रोडच्या वायरींपासून लांब. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला की गुणगुण बदलते. ती वेळ नोंदवा आणि तेवढा भाग टाकून द्या. नेहमीच्या तपासणीत खोल श्वास घ्यायला लावतात, दिवा लुकलुकवतात. तेही भाग कापा, फक्त शांत बसलेली मिनिटं घ्या.

याहून मोठा धोका तुलनेच्या गटाचा. समजा रत्नागिरीत काम चाललंय. रुग्ण येतात लांजा, राजापूर, गुहागरच्या आतल्या वाड्यांतून, पहाटेची पहिली एसटी पकडून. रात्रभर झोप नाही, सकाळची गोळी घेतलेली. निरोगी माणसं म्हणून तुम्ही शेजारच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना बोलावता. ती चांगली झोपून, चहा घेऊन, दहा मिनिटं चालत आलेली असतात. रुग्ण खुर्चीत पेंगतो, अल्फा विरते, थीटा वाढते. मॉडेल ८५ टक्के गुण मिळवतं. ते एसटीचा प्रवास ओळखत असतं.

याला उपाय आहे, फक्त धीर हवा. रुग्णासोबत त्याच एसटीने आलेला सख्खा मित्र किंवा शेजारी तुलनेला घ्या. भावंडं घेतलीत तर तशी नोंद करा, कारण रक्ताच्या नात्यात काही खुणा सौम्यपणे आढळतात. वय, शिक्षण, तंबाखू, आदल्या रात्रीची झोप, रेकॉर्डिंगची वेळ, महिना, औषधं मात्रेसकट, सगळं एका पानावर लिहा. मग एक मॉडेल फक्त या पानावर शिकवा, लहरींशिवाय. तेच जर लहरींच्या मॉडेलइतके गुण मिळवत असेल, तर ईईजीने काही भर घातलेली नाही, आणि अहवालात तसं लिहायचं.

आणखी एक तुलना डॉक्टरांच्या खऱ्या अडचणीजवळ जाते. त्यांच्यापुढे प्रश्न 'आजारी की निरोगी' असा क्वचितच असतो. प्रश्न असतो स्किझोफ्रेनिया की बायपोलर, की नशेतून आलेले भास, की टेम्पोरल लोबची, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातली, फिट. त्यामुळे दुसऱ्या आजारांचे रुग्ण गटात घेतल्याशिवाय मॉडेलला दवाखान्यात स्थान नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर काय ठेवायचं

'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' हे शब्द वापरू नका. एक पान पुरे. वर रेकॉर्डिंगचा दर्जा: किती मिनिटं वापरली, किती टाकली, माणूस पेंगत होता का. खाली मॉडेलने दिलेली शक्यता, तिची दोन टोकं, आणि हे मॉडेल किती आणि कोणत्या माणसांवर शिकलं आहे. त्याखाली पाच पट्ट्यांचे नकाशे. रेकॉर्डिंग खराब असेल तर शक्यतेचा रकाना रिकामा सोडा; मॉडेलला 'सांगता येत नाही' म्हणायची मुभा कोडमध्येच द्या. हे पान बंद पाकिटातून डॉक्टरांकडेच जाईल, रुग्णाच्या हाती नाही, आणि डॉक्टरांनी आपलं मत लिहून झाल्यावरच ते पाकीट उघडायचं. तरच मशीनने भर घातली की नुसतं मत झुकवलं, हे नंतर तपासता येईल.

घरच्यांनी काय करायचं, हे यात कुठेच येत नाही म्हणून इथे सांगतो. घरात कोणाला आवाज ऐकू येत असतील, कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटत असेल, तर ईईजीची वाट पाहू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जा.

काकीला मी शेवटी तेच सांगितलं. "मशीनीत नाय कळाचा, काकी. डॉक्टरांका आवाजाचा सगळा सांग, तू बघितलंस ता सगळा." ती त्याच्यासोबत गेली आणि दोन वर्षांत काय काय पाहिलं ते तासभर बोलत राहिली. निदान त्या तासात झालं.